ठरवलेली कुस्ती आणि ब्रुनो सामार्टिनो

नगरपालिकेच्या सभेत खुर्च्या उडाल्या की दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो, ‘नगरसेवकांची फ्रीस्टाईल’. शब्द मूळचा ऑलिंपिकच्या कुस्तीतला. आपल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं ते फ्रीस्टाईल प्रकारातच, आणि त्या प्रकाराला चांगले कडक नियम आहेत. मग मराठीत त्याचा अर्थ बेबंद मारामारी असा कसा झाला? मला वाटतं ह्याचं श्रेय दारासिंग आणि किंगकाँग ह्या जोडीला द्यायला हवं. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर त्यांच्या ज्या कुस्त्या होत, त्यांना लोक फ्रीस्टाईल म्हणत. त्या पाहून आलेला माणूस हातवारे करून सगळं वर्णन सांगायचा आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणायचा, “पण ते सगळं आधी ठरलेलं असतं बरं का!”

मला कुस्तीपेक्षा ह्या शेवटच्या वाक्याचं कुतूहल जास्त. ठरलेलं आहे हे कळत असूनही माणसं पैसे मोजून का जातात? नाटकाला जातात तसं, असं म्हणावं तर नाटकातला खलनायक रस्त्यात भेटला तर आपण त्याला चहा पाजतो. त्याच्या अंगावर सुरा घेऊन धावत नाही. ह्या प्रश्नाच्या मागे लागल्यावर दारासिंगपेक्षा अमेरिकेतला एक पैलवान मला अधिक उपयोगी पडला. त्याचं नाव ब्रुनो सामार्टिनो. आमचा भाचा पिट्सबर्गला असतो. त्याच्याकडे राहायला गेले होते तेव्हा हे नाव पहिल्यांदा कानावर आलं, आणि परत आल्यावर मी मिळेल ते वाचत गेले. (घरच्यांचं हसून झालेलं आहे, तेव्हा आता पुन्हा नको.)

आधी त्या धंद्याची रीत सांगायला हवी. आपल्याकडे नाटकांचे कंत्राटदार जसे आपापला भाग सांभाळून असत, तसे अमेरिकेत कुस्त्या भरवणारे होते. १९४८ साली त्यांनी आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावी बसून एक संघ काढला, नॅशनल रेसलिंग अलायन्स. प्रत्येकाचा मुलूख ठरलेला, दुसऱ्याने तिथे पाऊल टाकायचं नाही, आणि सगळ्यांचा मिळून एकच जगज्जेता, जो गावोगाव फिरेल. ही मक्तेदारी इतकी उघड होती की १९५६ मध्ये सरकारच्या न्याय खात्याने त्यांना कायद्याचा बडगा दाखवला. कागदावर सुधारणा झाली, पण मुलूख मुलखाच्या जागी राहिले.

टेलिव्हिजन आलं तेही ह्याच मुलूखगिरीत बसवलं गेलं. शनिवारी तासभर कुस्ती लागायची, पण त्यात खरी जोड कधी नसायची. नामांकित पैलवान एखाद्या अनोळखी माणसाला दोन-तीन मिनिटांत लोळवायचा, मग माईकसमोर येऊन पुढच्या महिन्यात आपल्या शहरात कोणाचं काय करणार ते ओरडून सांगायचा. अशी भाषणं प्रत्येक शहरासाठी वेगळी रेकॉर्ड करत. मोठी कुस्ती पाहायची तर तिकीट काढूनच जायला हवं. म्हणजे टीव्ही ही फुकट वाजणारी हलगी, आणि फड दुसरीकडेच.

वॉशिंग्टनपासून न्यूयॉर्क, बोस्टनपर्यंतचा ईशान्येकडचा मुलूख व्हिन्सेंट मॅकमहॉन ह्या गृहस्थांचा होता. (ज्यांना आपण टीव्हीवर पाहिलं त्यांचे हे वडील.) हा सगळा भाग स्थलांतरितांचा. इटालियन, आयरिश, पोलिश, ग्रीक, पोर्तो रिकोचे लोक. ह्या लोकांत ब्रुनो वाढला, आणि इथेच मला वाटतं ह्या कथेचा गाभा आहे.

त्याचा जन्म ६ ऑक्टोबर १९३५ चा, इटलीच्या आब्रुत्सो भागात डोंगरावरचं पिझ्झोफेर्रातो नावाचं गाव. वडील पोटापाण्यासाठी आधीच पिट्सबर्गला गेलेले. मग युद्ध सुरू झालं आणि कुटुंबाची ताटातूट झाली. जर्मन सैन्य गावात शिरलं तेव्हा आई एमिलिया मुलांना घेऊन वर डोंगरात लपली. एक वर्षाहून अधिक काळ ही मुलं तिथे बर्फात, उपाशी राहिली. आई रात्री जर्मनांच्या ताब्यातल्या आपल्याच गावात चोरून उतरायची आणि घरात जे काही खायला उरलं असेल ते घेऊन पुन्हा वर चढायची. ती परत येईपर्यंत मुलं वाटेकडे डोळे लावून बसायची. ब्रुनो पुढे आयुष्यभर आपल्या ताकदीचं श्रेय आईलाच देत असे. सात भावंडांतली चार लहानपणीच गेली. हा सगळ्यात धाकटा, आणि तोही जगेल अशी फारशी आशा नव्हती.

१९५० मध्ये ही मंडळी अमेरिकेत पोचली तेव्हा हा चौदा वर्षांचा मुलगा अगदी हाडांचा सापळा होता. इंग्रजी येत नाही, अंगात बळ नाही, शाळेत पोरं मारायची. मी इतकी वर्षं वर्गात काढली, त्यामुळे असा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर लगेच उभा राहतो. शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसणारा. हा मुलगा ज्यू तरुणांच्या एका संस्थेच्या व्यायामशाळेत वजनं उचलायला जाऊ लागला. इटालियन कॅथलिक मुलगा आणि ज्यूंची तालीम, पण तिथे त्याला कोणी अडवलं नाही. १९५९ साली त्याने पाठीवर निजून ५६५ पौंड, म्हणजे सुमारे २५६ किलो उचलून विक्रम केला. त्याच वर्षी लग्न, आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला पिट्सबर्गमध्ये पहिली व्यावसायिक कुस्ती. ती १९ सेकंदांत संपली.

ताकदीचे खेळ लोकांना आवडले. हेस्टॅक्स कॅल्हून नावाचा एक महाकाय पैलवान होता, त्याचं वजन ६०० पौंडांवर सांगत. ब्रुनोने त्याला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उचलून दाखवलं. पण धंद्याच्या राजकारणात हा कच्चा. बाल्टिमोरच्या एका कुस्तीला गेला नाही म्हणून त्याच्यावर बंदी आली, आणि त्याचं म्हणणं असं की ती कुस्ती लावली आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कारणं काहीही असोत, पोट बंद झालं. १९६२ मध्ये तो कॅनडात टोरांटोला गेला. तिथेही इटालियन वस्ती मोठी. तो त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायचा. थोड्याच दिवसांत तिथलं मैदान भरू लागलं, आणि ते पाहून मॅकमहॉननी त्याला परत बोलावलं.

त्याच सुमारास एक गंमत झाली. संघाचा जगज्जेता होता बडी रॉजर्स, पिवळ्याधमक केसांचा, नखरेबाज. २४ जानेवारी १९६३ रोजी टोरांटोत लू थेझने त्याला हरवलं. मॅकमहॉन आणि त्यांच्या भागीदारांना हे मानवलं नाही. त्यांनी संघाशी फारकत घेतली, स्वतःची वेगळी संस्था काढली आणि जाहीर केलं की रॉजर्सने रिओ दि जानेरोला झालेली स्पर्धा जिंकली असून आता तोच आमचा जगज्जेता. अशी स्पर्धा रिओला झालीच नव्हती! इतिहासाची शिक्षिका म्हणून सांगते, राज्यांच्या वंशावळीही पुष्कळदा अशाच रिओला तयार होतात.

ह्या रिओच्या जगज्जेत्याला ब्रुनोने १७ मे १९६३ रोजी गार्डनमध्ये ४८ सेकंदांत हरवलं. खांद्यावर आडवा घेऊन पाठ वाकवली आणि त्याने हार मानली. रॉजर्सचं हृदय तेव्हा दुखत होतं म्हणून कुस्ती झटपट उरकली, असं रॉजर्सच्या बाजूने सांगतात. ब्रुनोला ते कधीच मान्य नव्हतं. दोघेही आता नाहीत. पण त्या रात्रीपासून जगज्जेतेपद ब्रुनोकडे जे राहिलं ते सात वर्षं आठ महिने. नंतर १९७३ ते १९७७ पुन्हा. दोन्ही मिळून अकरा वर्षांहून जास्त.

ह्या अकरा वर्षांत कुस्त्यांचा साचा एकच. एखादा दुष्ट परदेशी माणूस टीव्हीवर येणार, चांगल्या चांगल्यांना लोळवणार, इटालियनांना शिव्या देणार, मग गार्डनमध्ये सोमवारी रात्री ब्रुनोशी भिडणार. पहिली कुस्ती निकालाविना सुटणार, दुसरी त्याहून चिडून, आणि तिसऱ्या महिन्यात त्याचा निकाल लागून तो दुसऱ्या मुलखात रवाना होणार. हे दुष्टही पाहण्यासारखे. मांचुरियाहून आलेला म्हणून सांगितला जाणारा गोरिला मॉन्सून हा न्यूयॉर्क राज्यातलाच इटालियन वंशाचा पदवीधर. ‘रशियन अस्वल’ आयव्हन कोलॉफ हा कॅनडातला शेतकऱ्याचा मुलगा. सगळी सोंगं. न्यूयॉर्कमध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना कुस्तीच्या मैदानात प्रवेश नव्हता, कारण १९५७ साली गार्डनमध्ये प्रेक्षकांची मोठी दंगल झाली होती. त्यामुळे मुलांचा ब्रुनो टीव्हीवरचा, आणि आजोबांचा ब्रुनो मैदानातला. पिट्सबर्गला मात्र चॅनेल ११ च्या स्टुडिओतच दर शनिवारी कुस्ती व्हायची आणि तिथे एक म्हातारी नेमाने पुढे बसायची. सगळं शहर तिला ‘रिंगसाइड रोझी’ म्हणून ओळखायचं. तिच्याविषयी वाचलं आणि मला फार आनंद झाला.

ब्रुनोने गार्डन १८७ वेळा हाऊसफुल्ल केलं असं त्याच्या संस्थेचं लाडकं वाक्य आहे. जुन्या नोंदी घेऊन बसलेल्या चिकाटीच्या लोकांनी मोजलं तर आकडा बराच कमी भरतो. मला त्याचं काही वाटत नाही. कमी केला तरी त्याच्याइतका काळ ते मैदान भरवणारा दुसरा नाही, आणि फुगवलेला आकडा हा त्या धंद्याचा कपाळावरचा टिळाच आहे.

आता १८ जानेवारी १९७१. ब्रुनो थकला होता, दुखापती साठल्या होत्या, पद सोडायचं आहे असं त्याने स्वतःच मॅकमहॉनना सांगितलं होतं. प्रेक्षकांना अर्थात ह्यातलं काही ठाऊक नाही. कोलॉफ सगळ्यात वरच्या दोरावर चढला, तिथून गुडघा रोखून ब्रुनोच्या अंगावर पडला, पंचाने तीन मोजले. आणि त्या प्रचंड सभागृहात शांतता पसरली. ब्रुनोने पुढे अनेकदा सांगितलं की त्याला वाटलं आपले कान गेले, मार कानाला लागला. मग उठून चालायला लागल्यावर लोकांचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कळलं की कान ठीक आहेत. दंगल होईल ह्या भीतीने कोलॉफला तिथे पट्टाही दिला नाही, आधी आत पाठवलं. तीन आठवड्यांनी कोलॉफकडून ते पद पोर्तो रिकोच्या पेद्रो मोरालेसकडे गेलं. रशियन फक्त मधला निरोप्या होता. पण ती शांतता कोणी ठरवलेली नव्हती. एका इटालियन म्हाताऱ्याला त्या क्षणी काय वाटलं असेल ते मी माझ्यापरीने समजू शकते. कारखान्यात, बांधकामावर, परक्या भाषेत दिवसभर मान खाली घालायची आणि महिन्यातून एका सोमवारी आपल्यातला एक जण मान वर करून जिंकताना पाहायचा. ते सात वर्षं आठ महिने चाललं आणि एका गुडघ्यात संपलं.

ठरलेल्या कुस्तीत लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी २६ एप्रिल १९७६ ची हकीकत. स्टॅन हॅन्सन हा टेक्ससचा तरुण, चष्म्याशिवाय फारसं न दिसणारा. त्याने ब्रुनोला उचलून आपटताना पकड सुटली आणि ब्रुनो डोक्यावर पडला. मानेचा मणका मोडला. तशा मानेने तो पुढची काही मिनिटं लढत राहिला. डॉक्टरांच्या मते आणखी केसभर सरकलं असतं तर कायमचा पांगळा. जाहिरात अशी झाली की हॅन्सनच्या हाताच्या भयंकर फटक्याने मान मोडली. खरं कारण साधी चूक, पण धंद्याला चूक खपत नाही, राक्षस खपतो. दोन महिन्यांत, २५ जूनला, ब्रुनो शे स्टेडियमवर पुन्हा हॅन्सनसमोर उभा. कारण त्याच रात्री पडद्यावर मुहम्मद अली आणि जपानचा इनोकी ह्यांची लढत दाखवायची होती, तिची तिकिटं हवी तशी खपत नव्हती आणि मॅकमहॉननी गळ घातली. ३२ हजार लोक आले. मोडलेल्या मानेने माणसाला मैदानात उतरवणं मला अजूनही रास्त वाटत नाही, मग त्याने स्वतः हो म्हटलेलं असो.

पुढच्या वर्षी, ३० एप्रिल १९७७ रोजी, बाल्टिमोरला ‘सुपरस्टार’ बिली ग्रॅहमने दोरावर पाय ठेवून, म्हणजे लबाडीने, त्याला हरवलं. जगज्जेतेपद संपलं ते कायमचं.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. लॅरी झ्बिश्को हा पिट्सबर्गमध्ये वाढलेला मुलगा. लहानपणी ब्रुनोला टीव्हीवर पाहायचा, पुढे त्याच्याच हाताखाली तयार झाला. गुणी होता, पण १९८० उजाडलं तरी त्याची ओळख एकच, ब्रुनोचा चेला. त्याने गुरूलाच जाऊन सांगितलं की माझी तुमच्याशी लढत लावा, त्याशिवाय मी तुमच्या सावलीतून बाहेर येणार नाही. ब्रुनो कबूल झाला. २२ जानेवारी १९८० रोजी पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला टीव्हीसाठी मैत्रीची कुस्ती झाली. शिष्याच्या प्रत्येक डावावर गुरूकडे उतारा, आणि गुरू दर वेळी त्याला पकडून अलगद सोडून देतो. शिष्याचा चेहरा हळूहळू बदलत जातो. मग तो लाकडी खुर्ची उचलतो आणि गुरूच्या डोक्यात घालतो. ब्रुनो रक्ताने न्हालेला तिथेच पडून राहतो.

ह्या खुर्चीने ईशान्य अमेरिका पेटली. झ्बिश्कोला रस्त्याने फिरणं कठीण झालं. कोणी गाडी फोडली, एका प्रेक्षकाने तर सुराही मारला, असं त्याने पुढे सांगितलं. वर म्हटलेला सुरा तो हाच. शेवटची कुस्ती ९ ऑगस्ट १९८० ला शे स्टेडियमवर लोखंडी पिंजऱ्यात झाली, जाहीर झालेली गर्दी ३६,२९५. गुरू जिंकला, शिष्याचं नाव झालं. म्हणजे ज्या माणसाचा लोक तिटकारा करत होते त्याच्यावर ब्रुनोने स्वतःच्या सतरा वर्षांच्या लोकप्रेमाचं भांडवल लावलं होतं, आणि हे गुपित दोघांनी पोटात ठेवलं. आम्ही शिक्षक निरोप समारंभात सहज म्हणतो की विद्यार्थी आपल्यापुढे जावा. त्यासाठी वेळ आली तर डोक्यात खुर्ची घालून घ्यायला किती जण तयार होतील, हे आमचं आम्हालाच ठाऊक.

त्यानंतरचा इतिहास तुम्हाला बऱ्यापैकी माहीत आहे. १९८२ मध्ये धाकट्या मॅकमहॉननी वडिलांची संस्था विकत घेतली, मुलखांच्या सीमा मोडून देशभर टीव्हीवर धडक मारली आणि काही वर्षांत गावोगावचे जुने कुस्तीवाले संपले. १९८९ साली संस्थेने न्यू जर्सीत अधिकृतपणे सांगून टाकलं की ही स्पर्धा नव्हे, करमणूक आहे. हेतू थोर नव्हता. खेळ म्हटलं की सरकारी देखरेख आणि कर आले, ते चुकवायचे होते. मग केबलबरोबर हे आपल्याकडे पोचलं. नव्वदच्या दशकात माझ्या वर्गात ट्रम्प कार्डांची साथ आली होती. उंची, वजन, छाती, दंड. “बाई, आता नाही खेळणार, द्या ना परत” हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! जप्त केलेल्या त्या गठ्ठ्यात ब्रुनो दिसल्याचं मला आठवत नाही.

ब्रुनो तेव्हा संस्थेत नव्हताच. काही वर्षं समालोचन करून १९८८ मध्ये तो बाहेर पडला. शरीरं फुगवायला पैलवान जी औषधं घेत होते, पडद्यावर जो अचकटविचकटपणा वाढत होता, त्याविषयी तो उघडपणे बोलू लागला. संस्थेने सन्मान देऊ केला तेव्हा त्याने नकार दिला, तोही एकदा नाही. त्याच्या वयाचे कित्येक जण मानधनासाठी परत गेले. हा पिट्सबर्गच्या आपल्या घरी राहिला, चालायला जायचा, व्यायाम करायचा. संस्थेने २००६ पासून पैलवानांची औषध-तपासणी सुरू केली, आणि पुढे तिथल्या नव्या कारभाऱ्यांनी, ट्रिपल एच म्हणून मुलं ज्याला ओळखतात त्याने, अनेकदा फोन केले. ब्रुनोने आपल्या डॉक्टरकडून तपासणीची खातरजमा करून घेतली आणि मगच होकार दिला. ६ एप्रिल २०१३ ला गार्डनमध्येच त्याचा सत्कार झाला, आणि त्याची ओळख करून द्यायला अर्नोल्ड श्वार्झनेगर उभा होता.

त्यानंतर दोन वर्षांनी, २८ मार्च २०१५ रोजी, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात हाच सन्मान लॅरी झ्बिश्कोला मिळाला. त्याला मंचावर बोलावण्यासाठी एकोणऐंशी वर्षांचा ब्रुनो पिट्सबर्गहून तिथवर गेला होता. १८ एप्रिल २०१८ रोजी तो गेला.